चुलीमागे तीन हजार पंच्याहत्तर

वाटणी करावी तर आमच्या सुंदराअक्कानेच. तिच्या तोंडावर मी हे कधी म्हणणार नाही, डोक्यावर चढून बसेल. पण तुम्हाला म्हणून सांगते. मार्केटमधून साड्यांचं पोटलं येतं, दोनशे-अडीचशे साड्या कोंबलेलं. साडीच्या मागून लोंबणारे धागे कापायचे, हे आमचं घरबसल्या काम. गल्लीतल्या बावीस बाया ते करतो आणि बावीसच्या बावीस एकजात भांडकुदळ, मला धरून. कारण साडीसाडीत फरक असतो हो! एकीला चार धागे, दुसरीला चारशे, आणि मजुरी मात्र दोन्हीला सारखीच. तर अक्का ओट्यावर बसते, पोटलं सोडते, साडी उलटी करून नुसता हात फिरवते आणि ढीग लावत जाते. हलकी, जड, हलकी, मध्यम. बावीस ढीग झाले की म्हणते, "उचला." जिला जो हवा तिने तो उचलायचा. एकवीस जणी उचलतात, उरेल तो अक्काचा. अकरा वर्षं झाली, एकदाही झिंज्या उपटायची वेळ आली नाही. आता बोला!

दिसायला म्हणाल तर माझ्या खांद्याला लागते. पदराच्या टोकाला कात्री बांधलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने शिवलेली. माहेर पारोळ्याकडचं. लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा नवरा लूमवर बारा बारा तास उभा असायचा. तो जाऊनही आता नऊ वर्षं झाली. मुलगा ललित पर्वत पाटियाला एका कापडाच्या पेढीत पॅकिंग बघतो. सून सोनाली तिथेच जवळ एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बिलं काढते. ही सून इथेच सुरतेत जन्मली, इथेच वाढली. रागावली की गुजरातीत रागावते.

आमच्या सोसायटीचं नाव गिरणा पार्क. यात पार्क नाही, आणि गिरणा नदी राहिली तिकडे जळगावला. चाळीस घरं, सगळी खान्देशातून आलेली, मधोमध एक रस्ता. रस्ता म्हणजे आम्ही म्हणतो म्हणून रस्ता. पाऊस पडला की पाणी कुठे जावं हे पाण्यालाच कळत नाही, मग ते अक्काच्या घरात जातं, कारण तिचं घर कोपऱ्यावरचं आणि सगळ्यांत खाली. आणि भर उन्हाळ्यात, ढगाचा पत्ता नसताना, गटार उलटं येतं ते वेगळंच.

तर यंदा एप्रिलात पालिकेचा एक साहेब आला. टेप लावली, फोटो काढले, चहा प्यायला, आणि हिलाल आप्पाला म्हणाला, "योजनेत बसतंय. पावसाळी गटार होईल, वर ब्लॉकपण बसतील. मोठा खर्च आमचा. तुमचा लोकफाळो तेवढा भरा." लोकफाळो म्हणजे आपली लोकवर्गणी. किती? एक लाख शहाण्णव हजार आठशे. कधी? पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आत. नाही भरली तर फाइल समोरच्या सोसायटीला जाणार. समोरची सोसायटी! आमच्या गल्लीवरून जाताना जे लोक रुमाल काढतात, त्यांना! हिलाल आप्पा आमचे प्रमुख, तब्येतीने मऊ माणूस, पण त्या दिवशी त्यांनीही मूठ आपटली.

रविवारी मार्केट बंद, म्हणून सकाळी गणपतीच्या शेडखाली मीटिंग. विषय एकच: पट्टी बसवायची कशी?

आप्पा म्हणाले, "सरळ घरटी. चाळीस घरं, प्रत्येकी चार हजार नऊशे वीस."

काशीबाई उठल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, आता नाहीत. मुलगा प्रज्ञेश इच्छापोरला कारखान्यात, तिकडेच खोली घेऊन राहतो. बाई एका खोलीत एकट्या. म्हणाल्या, "मी एकटी चार हजार नऊशे वीस देऊ आणि धुडकू आबा तीन मजल्यांत सतरा माणसं कोंबून तेवढेच देणार? हा कुठला न्याय?"

"मग डोक्यावर बसवा," कोणीतरी म्हणालं.

धुडकू आबा उसळले. "पोराटोरांवर पट्टी? माझा नातू दीड महिन्याचा आहे, तो काय रस्ता झिजवतो का?"

"त्याचं अर्धं तिकीट लावा!" मी मागून ओरडले. मला राहवत नाही.

मग एक म्हणाला गाडीवर बसवा, ज्याची गाडी त्याचा रस्ता. टेम्पोवाले उठले: चालणारे काय हवेतून चालतात? मग एक म्हणाला मजल्यावर बसवा. मजलेवाले उठले. मग एका हुशाराने काढलं की घराचा पुढचा भाग मोजा, जितकी रुंदी तितकी पट्टी. टेप नव्हती, तर म्हणे साडीने मोजू, साडी साडेपाच मीटरची असतेच! आणि खरंच दोघांनी माझ्या ओट्यावरून साडी उचलली आणि आप्पाच्या दारापुढे ताणली की! मालकाची साडी, मजुरीची! मी अशी धावले की चप्पल तिथेच राहिली. साडी सोडवली, दोघांच्या आईबापाचा उद्धार केला, आणि परत येऊन बसले तोवर शेडखाली चाळीस माणसं एकाच वेळी बोलत होती.

तेव्हा अक्का उठली. ती उठली की बायका आपोआप गप्प होतात, सवय लागलेली. बायका गप्प झाल्यावर पुरुषांना आपलाच आवाज ऐकू आला, मग तेही गप्प.

"गावात देवळावर पत्रे टाकले तेव्हा कशी बसवली होती?" अक्काने विचारलं. "विहिरीचा गाळ काढला तेव्हा? भंडाऱ्याला?"

"चुलीमागे!" तिघंचौघं एकदम म्हणाले.

"मग इथेच काय धाड भरली? चुलीमागे बसवा. एकटी काशीबाई, एक चूल. नवराबायको-लेकरं, एक चूल. कमावणारे वाढले, संसार वेगळे झाले की चूल वेगळी होतेच. मोठ्या घराला आपोआप जास्त, लहानाला आपोआप कमी. कोणाच्या लेकराचं डोकं मोजायला नको, कोणाची भिंत मोजायला नको."

अहाहा! काय टाळ्या पडल्या! जे मघाशी एकमेकांच्या गचांडीला हात घालत होते ते माना डोलवायला लागले. आप्पाने तिथेच बोटांवर हिशेब केला. कोणाकडे किती चुली हे गल्लीला काय ठाऊक नसतं? चौसष्ट. चौसष्टने भागलं की चुलीमागे तीन हजार पंच्याहत्तर. कसं नेमकं बसलं! पुढच्या रविवारी अक्काने घरोघर जाऊन चुली मोजायच्या आणि मी वहीत लिहायच्या, असं ठरलं. काशीबाईंनी अक्काचा हात धरून तिला तिथेच एक फुगडी घालायला लावली, साठीच्या दोन बाया, खोटं नाही सांगत.

आणि मग टाळ्या थांबल्या तशी सगळ्यांना एकच गोष्ट आठवली, आणि जो तो दुसरीकडे बघायला लागला. कारण अक्काच्या घरात दोन चुली होत्या.

ते असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी पारोळ्याहून अक्काच्या माहेरची माणसं आली. सोनालीने हौसेने स्वयंपाक केला आणि डाळीत गूळ घातला. सुरतेतली पोरगी, तिला वाटलं गोडसर डाळ म्हणजे पाहुण्यांचा मान. अक्काने पहिला घास घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हाई डाय शे का बासुंदी?" पाहुणे खो खो हसले. सोनाली हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या पॅसेजमध्ये नवी शेगडी मांडली, नवा गॅसचा बाटला लावला, आणि त्या दिवसापासून एका घरात दोन भाज्या शिजायला लागल्या. ललित बिचारा दोन्हीकडे अर्धा अर्धा जेवायचा आणि दोन्हीकडे म्हणायचा पोट भरलं.

अक्का त्याबद्दल अवाक्षर काढायची नाही. पण मी तिच्या शेजारी बसून धागे कापते. मागून फोडणीचा वास आला की तिचे हात थांबायचे, मी बघायचे. एकदा म्हणाली, "जयश्री, माणूस एकटं जेवलं ना, की भाकरी गिळावी लागते." बस, तेवढंच. सुनेने पुन्हा शेजारी बसून जेवावं, याची ती दोन वर्षं वाट बघत होती. आणि माफी मागेल तर ती सुंदरा कसली! सूनही तिच्याच तालमीतली.

असो. आता त्या आठवड्याची मजा ऐका.

सोमवारी सकाळी माझी जाऊ चंचल वरच्या मजल्यावरून खाली आली. सहा वर्षांपूर्वी आम्ही वेगळ्या झालो होतो, कशावरून ते विचारू नका, तिचीच चूक होती. खाली आली आणि साखरेसारखं हसून म्हणाली, "ताई, एक आठवडा एकत्र केलं तर? तीन हजार पंच्याहत्तर वाचतील. अर्धे तुमचे, अर्धे माझे." मला आधी राग आला. मग मी हिशेब केला. मग म्हटलं, ये बाई.

एका ओट्यावर दोन सुगरणी! वरणात तिने मीठ घातलं, मी मीठ घातलं, आणि तिला वाटलं मी घातलं नसेल म्हणून तिने पुन्हा घातलं. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, पाणी पीत पीत जेवले. बुधवारी आम्ही मिठाच्या बरणीवर आळीपाळी ठरवली. गुरुवारी बरणी फुटली.

आणि आम्हीच का? गल्लीभर तेच! गावाकडे चुलीची पट्टी चुकवता येत नाही, कारण छपरावर धूर दिसतो. दोन धूर, दोन चुली, विषय संपला. पण इथे सगळीकडे गॅस. धूर कुठून यायचा? हे अक्काच्या ध्यानात आलं नव्हतं आणि बाकी सगळ्यांच्या पहिल्या दिवशीच आलं. धुडकू आबांकडे चार चुली. तीन शेगड्या त्यांनी टेम्पोत घातल्या, वर साड्यांची पोटली टाकली आणि उधन्याला बहिणीकडे रवाना केल्या. एका शेगडीचा पाय पोटल्यातून बाहेर आलेला गल्लीने पाहिला. कोणी काही बोललं नाही, कारण ज्याची त्याची शेगडी कुठे ना कुठे निघालीच होती. मग आबांच्या घरी सतरा माणसांच्या भाकऱ्या एकाच तव्यावर. पहाटेपासून थापायला सुरुवात, पंगतीवर पंगती. गल्लीत नवा आलेला भाजीवाला विचारत होता, इथे लग्न कोणाचं आहे?

वर्षानुवर्षं तोंड न बघणाऱ्या जावा एकमेकींना "आधी तुम्ही वाढा" म्हणत होत्या. एकीकडे शेवभाजी तर दुसरीकडे कढीखिचडी अशी सवय लागलेले पुरुष ताटाकडे बघून गोंधळून जायचे. मला तर त्या आठवड्यात इतकं हसू यायचं की कात्री हातात धरवेना.

रविवार आला. अक्का पुढे, मी वही घेऊन मागे. पहिलं घर.

"कितल्या चुली?"

"एक."

"लिख. एक."

दुसरं घर, एक. तिसरं, एक. प्रत्येक स्वयंपाकघरात घरातली झाडून सगळी माणसं लग्नाच्या फोटोला उभी असावीत तशी ताठ. वर जाऊन पाहिलं तर दुसऱ्या ओट्यावर तेलाचा डबा, मसाल्याचा डबा, आणि मधोमध शेगडीच्या मापाचा चौकोन, तेवढाच स्वच्छ. अक्का त्या चौकोनाकडे बघायची आणि म्हणायची, "लिख. एक."

चौथ्या घरानंतर मी कुजबुजले, "अगं, दिसत नाही का तुला?"

"मी मोजाले आली. पकडाले नई," ती म्हणाली.

माझं घर आलं. "कितल्या?" मला विचारलं. मी वहीत मान घातली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, एक. माझ्या कानाच्या पाळ्या भाजल्या, पण लिहिलं. लाज वाटली, आणि तरी लिहिलं. तुमच्यापासून काय लपवायचं?

धुडकू आबा, एक. आप्पा, एक. काशीबाई, एक, ती तेवढी खरी. एकोणचाळीस घरं, एकोणचाळीस चुली. राहिलं कोपऱ्यावरचं घर, तिचं स्वतःचं.

आत गेलो आणि अक्का दारातच थबकली. मागच्या पॅसेजमध्ये शेगडी नव्हती. जागा पुसून घेतलेली. आत स्वयंपाकघरात ओट्यावर कुकर, आणि शेजारी सोनाली, ओढणी कमरेला खोचून. ललित दाराशी नखं खात उभा.

"आत्या, एकच लिहा," सोनाली म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. "तुमचा भात मी टाकलाय."

तुमचा भात मी टाकलाय! दोन वर्षांनी! मी अक्काकडे बघितलं. तिचा हात आपोआप कुकरकडे गेला, झाकणाला नुसता लागला आणि भाजल्यासारखा मागे आला. मनात म्हटलं, म्हण बाई, एक म्हण, सगळ्या गल्लीने म्हटलं, तुझ्यावरच कुठे आभाळ कोसळणार आहे?

"आज एक," अक्का हळू म्हणाली. "अन् पंचीस तारीखनंतर कितल्या?"

सोनालीला खोटं बोलता आलं असतं. दुसरी कोणी असती तर बोलली असती. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "मग बघू ना."

अक्का कुकरकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "दोन लिख, जयश्री."

सोनाली जी भडकली! अर्धं गुजराती, अर्धं मराठी, मला निम्मंच कळलं. सगळ्या सोसायटीचं एक आणि आमचंच दोन, आम्हीच काय पाप केलं, मी स्वतःहून आले तर माझ्या तोंडावर दार! कुकर तसाच उचलून मागे घेऊन गेली, शेगडी पलंगाखालून बाहेर ओढली आणि पॅसेजमध्ये दाणकन ठेवली. ललित तिच्यामागे गेला, परत आला, परत गेला.

बाहेर ओट्यावर येऊन अक्का बसली आणि चष्मा काढून पुसत राहिली. "घास तोंडाशी आला होता वं," म्हणाली. "चुकलं का मनं?" मी वही मिटली, तिच्यात माझ्याच हाताने एक लिहिलेलं होतं.

दुपारी शेडखाली मीटिंग. सगळे खुशीत. खिशात तीन हजार पंच्याहत्तर मोजून आलेले. अक्काने आप्पाला वही दिली. आप्पाने बेरीज केली, पुन्हा केली, घाम पुसला.

"एक्केचाळीस चुली," आप्पा म्हणाले. "भागले तर… चुलीमागे चार हजार आठशे."

एकच कल्लोळ! चार हजार आठशे? तीन हजार पंच्याहत्तर ठरलं होतं! फसवणूक! कोणी म्हणे आप्पाने पैसे मारले, कोणी म्हणे साहेबाने मारले.

"अरे भो," अक्का म्हणाली, "साहेबाला एक लाख शहाण्णव हजार आठशेच द्यायचे आहेत. ते काही कमी झाले नाहीत. तुम्ही चुली कमी केल्या. चुली चौसष्ट तर तीन हजार पंच्याहत्तर. एक्केचाळीस तर चार हजार आठशे. मला एक्केचाळीसच दिसल्या. माझ्या घरच्या दोन धरून."

माझ्या घरच्या दोन धरून, हे ऐकलं आणि नोटा बाहेर काढणारे हात खिशातच राहिले. नऊ हजार सहाशे भरणार होती ती. सगळ्या सोसायटीत सर्वांत जास्त. कात्री चालवून मिळवलेले.

आणि मग काशीबाई उठल्या. पदर खोचला.

"माझी एक होती, एक आहे. तुम्ही लपवता आणि पावणेदोन हजार मी जास्त भरायचे? बरं! धूर दिसत नाही म्हणता ना? शिट्टी तर ऐकू येते! धुडकू आबा, मागच्या रविवारपर्यंत तुमच्या घरात सकाळी चार कुकर वेगवेगळे वाजायचे. मी एकटी असते, मला दुसरं काम काय, मी ऐकते! पहिल्या मजल्यावर तीन शिट्ट्या, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावरचा तर बिघडलेला आहे, तो नुसता फुसफुसतो!"

आबांची धाकटी सून फस्सकन हसली. "तो माझाच," म्हणाली. झालं! बांध फुटला. "आबांचं चार तर आप्पांचं काय?" "आम्ही एक सांगितलं असेल, पण त्यांच्या बाटल्याची गाडी महिन्यातून दोनदा येते!" जो तो दुसऱ्याची चूल बाहेर काढायला लागला, आणि दुसऱ्याने काढण्यापेक्षा आपणच सांगितलेली बरी म्हणून लोक हात वर करून उभे राहायला लागले. मी उभी राहिले. "माझ्याकडे दोन!" ओरडले. त्याच क्षणी चंचल पलीकडून ओरडली, "आमच्याकडे दोन!" आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून जे हसत सुटलो, त्या खुर्च्यांवरून पडायच्याच बाकी राहिलो. सुटलो बाई त्या मिठाच्या बरणीतून!

मी लिहीत गेले, खोडत गेले. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. संपलं म्हणून वही मिटणार, तोच आप्पाच्या बायकोने शांतपणे हात वर केला. "आमच्या गच्चीवर एक छोटी शेगडी आहे. यांना वाटतं मला माहीत नाही. दर रविवारी तिथे ऑमलेट करतात." आप्पा! माळकरी आप्पा! पासष्ट! त्या दिवशी हसून हसून माझं पोट असं दुखलं की मी त्या दुपारी जेवलेच नाही. आप्पांनी मुकाट्याने त्या शेगडीचे तीन हजार पंच्याहत्तर टाकले, आणि ते वरचे म्हणून कामाच्या मजुरांच्या चहाला ठेवले.

सोनालीने तिच्या चुलीचे पैसे स्वतःच्या पगारातून दिले. माझ्या हातात दिले, अक्काच्या नाही. सासूशी एक शब्द नाही. गल्ली इतकी खिदळत होती आणि कोपऱ्यावरच्या घरात मात्र दोन्ही कुकर मुकाट्याने वाजत होते. अक्का साड्या वाटायची, हसायची, काशीबाईंची थट्टा करायची, आणि मधेच पॅसेजकडे कान द्यायची. मला तिचा इतका राग यायचा. म्हटलं, कशाला हवा होता हा खरेपणा? एक लिहिलं असतं तर निदान पंधरा दिवस तरी शेजारी बसून जेवली असती सून. तिकडे चूल, इकडे चूल, आणि गटार झालं म्हणून काय त्यात जेवायचं आहे?

तेवीस तारखेला आम्ही पैसे भरायला गेलो. आप्पा, अक्का, काशीबाई आणि मी, एका रिक्षात चौघं, पैशाची पिशवी माझ्या मांडीवर. काउंटरवरच्या भाईने सहज विचारलं, कोणाकडून किती, कशावरून घेतले? आप्पा म्हणाले, "चूल्हा गिनके." त्याने पेन खाली ठेवलं. मग काशीबाईंनी त्याला शिट्ट्यांची गोष्ट सांगितली, मी आप्पाच्या ऑमलेटची सांगितली, आणि थोड्या वेळाने सगळ्या टेबलांवरची माणसं काम सोडून आमच्याभोवती. पावती हातात आली तेव्हा आप्पाने ती कपाळाला लावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि अक्का ओट्यावर धागे कापत बसलो होतो. सोनाली कामावरून आली. रोज खाली मान घालून आत जाते, ती थांबली. खांद्यावरची पर्सही काढली नाही.

"पावती आली म्हणे."

"आली," अक्का म्हणाली.

"आपल्या दोन चुलींची भरली?"

"दोनची."

"जयश्रीकाकी, आता वहीत काही खोडता येत नाही ना?"

"नाही बाई," मी म्हटलं. "बंद झाली वही."

"पैसेपण परत मिळत नाहीत?"

"पालिकेकडून? स्वप्नात!"

"मग ठीक," म्हणाली आणि आत गेली. आतून खडखड ऐकू आली. मी म्हटलं, झालं, आता हिने घर सोडलं. अक्काच्या हातातली कात्री साडीवर तशीच थांबली. सोनाली बाहेर आली ती पॅसेजमधली शेगडी दोन्ही हातांत घेऊन. ओट्यावर माझ्यासमोर ठेवली, नळीसकट.

"ही कोणाला पाहिजे असेल तर देऊन टाका, काकी."

अक्का उठून उभी राहिली. मांडीवरची साडी खाली पडली, तिने बघितलंही नाही. "अवं, पण," ती शेगडीकडे बघत म्हणाली, "पंधरा दिवसांआधी… तुझे तीन हजार पंच्याहत्तर फुकट गेले ना वं माय!"

"गेले तर गेले," सोनाली म्हणाली. डोळ्यांना ओढणी लावली ती घाम पुसल्यासारखी. हट्टी कार्टी, दाखवेल तर शपथ. "तेव्हा आले असते तर पैशासाठी आले असते. तुम्हीच तर ओळखलंत. आता म्हणा, कशासाठी आले ते."

 सगळ्या गल्लीला बोलून गप्प करणारी अक्का, तिने पदर डोळ्यांना लावला. मी तर सरळ रडले. सांगायला कसली लाज.

"रडू नका दोघी," सोनाली पर्स उतरवत म्हणाली. "कणीक किती मळू ते सांगा."

"तिघांची," अक्काने नाक पुसलं. मग माझ्याकडे बघितलं. "नई, चौघांची मळ. ही भवानी आता जेवल्याबिगर उठत नसते."

मी कशाला उठते!